शोधपत्रकार व्हायचंय, तर आधी ताळेबंद वाचायला शिका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बी.कॉम. झालात, तालुक्याच्या गावी एका जिल्हा दैनिकासाठी तीन वर्षं बातम्या देताय, मानधन नावापुरतं आणि बाकी जाहिरातींच्या कमिशनवर. आर्थिक घोटाळे उघड करणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल यांच्याबद्दल वाचलंत, त्यांच्या पुस्तकावर बेतलेली मालिका पाहिलीत आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. विचारलंय की मुंबईला जाऊ का, तशी एखादी बातमी हाती कशी लागते, आणि नाव व्हायला किती वर्षं लागतात.

मी बावीस वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी सहकार आणि बँका हे बीट, म्हणजे नेमून दिलेला विषय, सांभाळतेय. त्याआधी दोन वर्षं महिलांचं पान आणि हळदीकुंकवाचे फोटो केले, मग सहकाराचा माणूस नोकरी सोडून गेला आणि ते बीट कुणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं. तेव्हा जे सांगतेय ते एवढ्याच अनुभवावरून. गुन्हे, राजकारण, पर्यावरण या बीटांवर काम करणारे काही बाबतीत वेगळं सांगतील, आणि त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल.

बातमी कशी हाती लागते, असं तुम्ही विचारता. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. बातमी समोर आली तर ती तुम्हाला ओळखता येईल का? आणि छापून आल्यावर, बाकी सगळे दुसऱ्या विषयाकडे वळल्यावर, तुम्ही तिच्यामागे उभे राहाल का? दलाल यांची सगळी कारकीर्द मला या दोन प्रश्नांचं उत्तर वाटते.

लोकांना त्यातली एकच तारीख माहीत असते, २३ एप्रिल १९९२. त्या दिवशी 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्टेट बँकेच्या सुमारे ५०० कोटींच्या सरकारी रोख्यांचा (सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांचा) हिशेब जुळत नसल्याची त्यांची बातमी आली आणि शेअर दलाल हर्षद मेहताचं साम्राज्य कोसळायला लागलं. पण त्याआधीचं बघा. जन्म मुंबईचा, शाळा बेळगावात, पदवी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून संख्याशास्त्राची, मग मुंबई विद्यापीठातून एलएल.बी. आणि एलएल.एम. पत्रकारितेची सुरुवात १९८४ मध्ये गुंतवणुकीवरच्या एका मासिकातून, मग 'बिझनेस स्टँडर्ड', 'इकॉनॉमिक टाइम्स'. म्हणजे त्या एका सकाळच्या मागे आठ वर्षांचं रोजचं बाजाराचं वार्तांकन आहे. मालिकेत ही आठ वर्षं दिसत नाहीत, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. माणूस रोज जातो, आकडे घेतो, लोकांशी बोलतो, परत येऊन लिहितो.

त्या आठ वर्षांनी काय दिलं असेल, हे त्या घोटाळ्याची यंत्रणा समजून घेतली की कळतं. बँकांना सरकारी रोखे ठरावीक प्रमाणात बाळगावे लागतात. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी पैसा हवा असला की ती रोखे दुसरीला विकायची आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने परत घ्यायची. याला 'रेडी फॉरवर्ड' म्हणत. व्यवहार विक्रीचा, पण अर्थ रोखे तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचा. रोखे हातात फिरत नसत. रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात प्रत्येक बँकेचं खातं असे आणि तिथे नोंद व्हायची, तीही हाताने. दरम्यानच्या काळात विकणारी बँक 'रोखे माझ्याकडे तुमच्या नावाने आहेत' अशी पावती देई, ती बँक रिसीट. दोन बँकांच्या मध्ये मेहतासारखा दलाल (ब्रोकर) असायचा, आणि हळूहळू चेक थेट त्याच्या खात्यात जमा व्हायला लागले. मग ज्या पावतीमागे रोखेच नाहीत अशी पावती मिळाली तर? बँकेचा पैसा दलालाच्या हातात, आणि तिथून शेअर बाजारात. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर २०० रुपयांच्या आसपास होता तो ९,००० च्या जवळ गेला तो याच पैशाच्या जोरावर.

अशा बिनरोख्यांच्या पावत्या देणाऱ्यांत मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक होती आणि आपली बँक ऑफ कराड होती. कराडची बँक त्यात संपली, अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली, पुढे बँक ऑफ इंडियात विलीन झाली. दलाल स्ट्रीटवरच्या घोटाळ्याचं एक टोक कृष्णेकाठी होतं. नंतर रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने हा सगळा आकडा सुमारे ४,००० कोटींपर्यंत नेला, विशेष न्यायालय आलं, संयुक्त संसदीय समिती आली.

आता मला सांगा, बँकेतला एखादा अस्वस्थ माणूस 'खातेवही जुळत नाहीये' हे घेऊन कुणाकडे जाईल? ज्याला रेडी फॉरवर्ड म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल त्याच्याकडे नक्की नाही. माझ्याकडे आजवर जी माणसं आली ती मी धाडसी आहे म्हणून आली नाहीत. आपलं बोलणं हिला कळेल, ही त्यातलं चुकीचं छापणार नाही आणि आपलं नाव सांगणार नाही, एवढ्या भरवशावर आली. हा भरवसा तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याही अभ्यासक्रमाने कमी होत नाही.

माझ्याच बीटवरचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण तुमच्या तालुक्यात हे आत्ता या घडीला चालू असण्याची शक्यता आहे.

'नवं-जुनं' हा शब्द तुम्ही ऐकला असणार. सोसायटीत, पतसंस्थेत, सगळीकडे बोलतात. मीही चार वर्षं ऐकत होते. एका पतसंस्थेतला क्लार्क एप्रिलमध्ये चहा पिताना म्हणाला, "ताई, ३१ मार्चला रात्री दोन वाजेपर्यंत नवं-जुनं करत बसलो होतो." आधीच्या चारही वर्षी मी मान डोलावली होती. पाचव्या वर्षी विचारलं, म्हणजे नक्की काय करता? त्याने सरळ सांगितलं, कारण त्याच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. थकलेल्या कर्जदाराच्या खात्यावर ३१ मार्चला पूर्ण भरणा दाखवायचा, म्हणजे थकबाकी शून्य. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच नावावर व्याज धरून थोडं जास्त रकमेचं नवं कर्ज. पैसे घेऊन कुणी आलेलंच नसतं.

मग मी त्या संस्थेची सर्वसाधारण सभेची अहवाल पुस्तिका काढली. वसुली ९६ टक्के छापली होती, आणि ते वर्ष आमच्याकडे दुष्काळाचं. पण भरणा रोखीने दाखवला, तर ३१ मार्चच्या रात्री तेवढी रोकड तिजोरीत दिसायला हवी ना? ताळेबंदात रोख शिल्लक ३ लाख ४० हजार. मी दोन दिवस त्या पानाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मालमत्तेच्या बाजूला खाली 'इतर येणे' या सदरावर नजर गेली. आदल्या वर्षी ४ लाख. या वर्षी १ कोटी १६ लाख. म्हणजे भरणा दाखवायचा होता, पैसा नव्हता, आणि ती १ कोटी १२ लाखांची पोकळी कुठेतरी बसवायची होती, ती इथे बसवली होती. नंतर भरणा स्लिपा पाहायला मिळाल्या तेव्हा त्यातल्या तीस-पस्तीस एकाच हस्ताक्षरातल्या, एकाच निळ्या पेनातल्या निघाल्या. पण बातमी स्लिपांआधीच कळली होती. ती पुस्तिका सभेला आलेल्या प्रत्येक सभासदाला वाटलेली होती, सातशे-आठशे घरांत पडून होती.

तुम्ही बी.कॉम. आहात. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तुम्हाला वाटत नसेल, पण मला ताळेबंद वाचायला एका निवृत्त लेखापरीक्षकांच्या घरी दर रविवारी जाऊन शिकावं लागलं. तुमच्याकडे ते आहे आणि तुम्ही वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करताय.

ती बातमी लगेच छापून आली नाही. संस्थेच्या अध्यक्षांची पानभर जाहिरात आमच्याकडे ठरलेली होती आणि मला 'थांब जरा' सांगण्यात आलं. मी थांबले, पण कागद सोडले नाहीत. सात महिन्यांनी सहकार खात्याने सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी लावली, तेव्हा आतल्या पानावर एक कॉलम आली. त्यानंतर कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. प्रत्येक तारखेला मी गेले. बऱ्याचदा तिथे मी आणि एक निवृत्त एसटी वाहक, असे दोघेच असायचो. त्यांच्या निवृत्तीचे पैसे तिथे होते. ठेवपावती ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून आणायचे आणि दर वेळी मला उघडून दाखवायचे, जणू मी ती कधी पाहिलेलीच नाही. त्यांना रक्कम मिळाली, सगळी नाही, आणि फार उशिरा. या बीटवर मी अजून का आहे असं कुणी विचारलं तर मला ती पिशवी आठवते.

एक चूकही सांगितली पाहिजे. बीट हातात आल्यावर तिसऱ्याच वर्षी मी एका पतसंस्थेवरच्या कारवाईची बातमी दिली. त्याच नावाच्या दोन संस्था होत्या, एक नागरी आणि दुसरी ग्रामीण बिगरशेती. मी चुकीचं नाव लिहिलं. दुपारी बारापर्यंत धडधाकट संस्थेसमोर रांग लागली. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, पण त्या दोन दिवसांत लोकांनी मुदतीआधी ठेवी मोडल्या आणि व्याज गमावलं. त्यात विधवा बायका होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. तेव्हापासून संस्थेच्या नावाबरोबर नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय माझी एक ओळ पुढे जात नाही. बँकेवरची चुकीची बातमी ही नुसती चुकीची बातमी राहत नाही, ती बँक बुडवू शकते. हे भान नसेल तर या बीटला हात लावू नका, इतकं स्पष्ट सांगते.

आता दुसरा प्रश्न, मागे उभं राहण्याचा. १९९२ नंतर दलाल यांना चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला, पद्मश्री २००६ मध्ये. मधल्या वर्षांतले त्यांचे विषय बघा: गुहागरचा एन्रॉन वीज प्रकल्प, आयडीबीआय ही वित्तसंस्था, २००१ चा शेअर दलाल केतन पारेखचा घोटाळा. तिथेही अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल ही सहकारी बँकच मोडून पडली. म्हणजे नऊ वर्षांनी बँकेचा पैसा बाजारात नेण्याची तीच रीत, कागद वेगळे. ज्याने पहिला घोटाळा खोलात जाऊन समजून घेतला त्याला दुसरा लवकर दिसणार.

मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग मात्र १९९२ चा वाटत नाही, २०१५ चा वाटतो. तोपर्यंत त्या आणि त्यांचे पती देबाशिष बसू 'मनीलाइफ' हे अर्थविषयक नियतकालिक चालवत होते. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये काही दलालांना इतरांपेक्षा आधी माहिती मिळते, असं सांगणारं एका जाणकाराचं निनावी पत्र सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, गेलं होतं, त्याची प्रत त्यांच्याकडे आली. त्यांनी ते लगेच छापलं नाही. सेबीकडे आणि एक्स्चेंजकडे विचारणा केली, वाट पाहिली, उत्तर आलं नाही, मग जूनमध्ये छापलं. एक्स्चेंजने मुंबई उच्च न्यायालयात १०० कोटींचा बदनामीचा दावा लावला. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मजकूर रोखण्याची मागणी फेटाळली आणि उलट एक्स्चेंजलाच ५० लाखांचा खर्च लावला. त्यातले दीड-दीड लाख बसू आणि दलाल यांना, ४७ लाख टाटा मेमोरियल आणि मसिना या रुग्णालयांना. आधी विचारणा केली होती आणि समोरचे गप्प राहिले, ही गोष्ट न्यायालयाने लक्षात घेतली. पुढे एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एक्स्चेंजकडून ६२५ कोटी वसूल करण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द करून १०० कोटी गुंतवणूकदारांच्या निधीत भरायला लावले. इतकी वर्षं हे प्रकरण चाललं.

तुमच्या उपयोगाचं यात हे आहे की विचारणा लेखी करा. फोनवर 'साहेब काही बोलायचंय का' याला अर्थ नाही. प्रश्न मुद्देसूद लिहा, मेल करा, पोच घ्या, उत्तराला पुरेशी मुदत द्या आणि उत्तर आलं तर ते पूर्ण छापा. माझ्यावर दोन नोटिसा आल्या, दोन्ही वेळा वकिलांनी पहिलं विचारलं ते हेच, पोच आहे का?

कागद मिळवण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण यात नवीन लोक हमखास अडकतात. पतसंस्थेला माहिती अधिकारात थेट अर्ज केलात तर तो परत येईल. सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय. पण सहकार खात्याचे तालुक्याचे सहायक निबंधक आणि जिल्ह्याचे उपनिबंधक हे सरकारी अधिकारी आहेत. त्यांच्या कार्यालयात आलेला लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, चौकशीचे आदेश त्यांच्याकडे मागा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. वर्ष, कागदाचं नाव आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक लिहा. नकार आला तर पहिलं अपील तिथल्या तिथे टाका. आळस इथेच होतो.

मुंबईला जावं का, हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. घरात दुसरं उत्पन्न असेल, भाड्याचा भार सहा महिने पेलणार असेल आणि एखाद्या आर्थिक दैनिकात किंवा संकेतस्थळावर डेस्कची का होईना नोकरी मिळत असेल, तर जा. तिथे शिकवणारी माणसं जास्त आहेत, इंग्रजी कागद वाचण्याची सवय होते, पाठीशी वकील असतो. पण फक्त 'मोठ्या बातम्या तिकडेच असतात' म्हणून जाऊ नका. २०१९ मध्ये उघड झालं, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवून एका बांधकाम समूहाची कर्जं लपवली गेली होती. ती बँक मुंबईतच होती, भोवती शेकडो पत्रकार होते, तरी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध येईपर्यंत ठेवीदारांना पत्ता नव्हता. तुमच्या तालुक्यातल्या दहा संस्थांचे ताळेबंद दरवर्षी वाचणारा एकही माणूस आज नाही. ती जागा रिकामी आहे.

जाहिरातींचा प्रश्न मात्र खरा आणि कठीण आहे. ज्या अध्यक्षाच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर तुमचं कमिशन आहे, त्याच्याच संस्थेचा ताळेबंद तुम्ही मोकळ्या मनाने वाचू शकणार नाही. मी पाहिलेली चांगली मुलं इथेच हरली, आणि त्यांना दोष द्यायला मी तयार नाही, घर सगळ्यांना चालवायचं असतं. जमलं तर उत्पन्न दुसरीकडून उभं करा. तुम्हाला हिशेब येतो, एखाद्या दुकानाचं जीएसटीचं काम घ्या, शिकवण्या घ्या, आणि निदान ज्या संस्थांवर लिहिणार त्यांची जाहिरात आणायला नकार द्या. पुरस्कारांचंही तेच. ६ जानेवारीला पत्रकार दिनाला तुम्हालाही शाल-श्रीफळ मिळेल. तो पुरस्कार कोण देतंय आणि कुठल्या संस्थेच्या सभागृहात, ते आधी विचारा.

सुरक्षिततेबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. मुंबईच्या पत्रकारापेक्षा तालुक्याचा पत्रकार जास्त उघडा असतो, त्याचं घर, गाडी, मुलांची शाळा सगळ्यांना माहीत असते. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला ६ फेब्रुवारी २०२३ ला गाडीने धडक दिली. त्याच सकाळी त्यांची बातमी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात आपल्या राज्यात कायदा आहे, पण तो नंतर उपयोगी पडतो. आधी काय करायचं, तर कागदांची एक प्रत घराबाहेर ठेवा, काय शोधताय हे संपादकांना आणि दुसऱ्या दैनिकातल्या एका भरवशाच्या सहकाऱ्याला सांगून ठेवा, धमकी आली की त्याच दिवशी लेखी तक्रार करा. बातमी तुमच्या एकट्याची राहिली नाही की तुम्हाला गप्प करण्यात समोरच्याचा फायदा उरत नाही. मी स्वतः दोन मोठ्या बातम्या प्रतिस्पर्धी दैनिकाबरोबर एकाच दिवशी दिल्या. बायलाइनचा (बातमीवरच्या नावाचा) मान विभागला गेला, झोप मात्र लागली.

किती वर्षं लागतात, याचं उत्तर माझ्याकडे आकड्यात नाही. पहिला ताळेबंद न अडखळता वाचायला मला दोन वर्षं लागली, पहिली धड बातमी सातव्या वर्षी आली. तुम्हाला कमी लागतील.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला लागतात, म्हणजे पुस्तिका ऑगस्टपासून वाटल्या जातील. तुमच्या गावातल्या एकाच संस्थेच्या मागच्या तीन वर्षांच्या पुस्तिका आत्ताच एखाद्या सभासदाकडून मिळवा. तिन्ही ताळेबंद शेजारी ठेवा आणि 'इतर येणे', 'अनामत', 'मार्गस्थ रक्कम' (वाटेत असलेली, अजून जमा न झालेली) या तीन ओळींसमोरचे आकडे एका कागदावर लिहून काढा. जिथे उडी दिसेल तिथे थांबा आणि मला वर्ष आणि पान क्रमांक कळवा, आपण बरोबर वाचू.